बुरमाकानचा काळा नमदा

आमच्या कोचकोर गावात ज्या घरात बुरमाकानच्या हातचा नमदा, लोकर दाबून केलेला जाड गालिचा, नाही, ते घर काल-परवा बांधलेलं समजावं. लोकर झोडायची, उकळतं पाणी ओतून पायांनी दाबायची, वाळवायची, मग दोन रंगांचे दोन नमदे एकावर एक ठेवून एकाच कात्रीने नक्षी कापायची. लालातून निघालेला मेंढ्याच्या शिंगाचा आकार पांढऱ्यात बसवायचा, पांढऱ्यातला लालात. चिंधीसुद्धा वाया जात नाही. मी तिच्या पलीकडच्या दारात बावीस वर्षं राहते. तिच्या अंगणात किती वेळा लोकर तुडवली असेन, त्याची गणती नाही. बुटकी, काटक, बोलायला कमी. कापलेला तुकडा कुठे बसणार हे तिच्या हाताला आधी कळायचं, डोळ्याला मागाहून.

तिची एकच मुलगी, जैनागुल. नवरा लवकर गेला, तेव्हा ही पोर नमद्यांच्या ढिगाऱ्यातच वाढली. गावातल्या चांगल्या घरात दिली. सासू तोतुया, शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली मास्तरीण. नवरा मुलगा रशियात बांधकामावर. घरात सासू आणि सून, दोघीच.

आता तोतुयाबद्दल खरं सांगायचं तर वाईट बाई नव्हती. 'हाताला गुण आहे' असं लोक म्हणायचे आणि तिलाही ते पटलेलं होतं. तिच्याकडे बिस्किटांचा एक निळा डबा होता. बाजारात कात्रीने कापून दोन-दोन, चार-चार गोळ्या विकतात ना, तसले तुकडे त्यात भरलेले. नाव स्ट्रिपच्या एका टोकाला असतं, ते दुकानदाराकडे राहतं, गोळ्या आपल्याकडे येतात. तोतुया रंगावरून ओळखायची. पांढरी डोक्याला, लाल नाकाला, पिवळी हाडांना. शिवाय लिंबाच्या वासाच्या पुड्या, गरम पाण्यात घालून प्यायच्या. त्या तर ती औषधात धरायचीच नाही. म्हणायची, "पुडी कुठे औषध असतं? ते सरबत."

दोन हिवाळ्यांमागे जैनागुलला ताप आला. साधा ताप, नाक वाहतंय, अंग दुखतंय. गावात निम्म्या लोकांना होता. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. कुणी जाम नेलं, कुणी पुड्या नेल्या, कुणी दोन गोळ्या. सगळं तोतुयाच्या डब्यात गेलं आणि डब्यातून सुनेच्या पोटात. आणि सून नाही म्हणत नाही. मोठ्या माणसाच्या हातून पियाला आला की दोन्ही हातांनी घ्यायचा, तळापर्यंत प्यायचा, रिकामा परत द्यायचा. तळाशी घोटभर जरी राहिलं तरी अपमान. जैनागुलने एकही पियाला अर्धा परत केला नाही. चार दिवस घासभर अन्न पोटात नाही, नुसत्या पुड्या आणि गोळ्या.

तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. आणि तोतुया काय म्हणाली असेल? लग्नाला दोन वर्षं झाली होती, नवरा दीड महिन्यापूर्वीच सुट्टीवर येऊन गेलेला. ती फोन उचलून सगळीकडे सांगत सुटली, "गोड बातमी आहे! आधी बक्षीस काढा, मग सांगते!" बुरमाकानलाही फोन केला. बुरमाकानने त्या दिवशी पांढरी लोकर निवडायला काढली, बाळाच्या नमद्यासाठी. मी पाहिली आहे ती टोपली.

पाचव्या दिवशी पोरीचे डोळे पिवळे झाले.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय काय दिलंत?"

तोतुया म्हणाली, "काही नाही हो. चहा, आणि डोकं दुखलं तर एखादी पांढरी."

खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबी सरबत औषध नव्हतं, लाल गोळी नाकाची होती, पिवळी हाडांची. डॉक्टरांनी नाकाबद्दल, हाडांबद्दल थोडंच विचारलं होतं? उताऱ्याचं जे औषध पहिल्या तासात चढवायला हवं होतं ते दोन दिवसांनी, मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून चढवलं. उशीर झाला होता. जैनागुल चोवीस वर्षांची होती.

दफनाच्या दिवशी बायका रडत होत्या तेव्हा तोतुया सगळ्यांदेखत म्हणाली, "आम्ही काय कमी केलं? पोरीचं लिव्हरच आईकडून किडकं आलं होतं. आधी सांगितलं असतं तर—"

ते वाक्य तिने अर्धंच सोडलं. बुरमाकान तेव्हा शोकाच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून बसली होती, मेलेल्याची आई बसते तशी. ती वळली नाही. पण तिची पाठ मी पाहिली. त्या दिवसापासून बुरमाकानला एकच गोष्ट हवी होती. ते वाक्य ज्या तोंडाने बोललं गेलं, त्याच तोंडाने, तितक्याच बायकांसमोर गिळायला लावायचं. तिच्या पोरीला किडकी म्हणून मातीत घातलं होतं. तसं ती राहू देणार नव्हती.

पोरीच्या कपड्यांची पेटी परत आली. त्यात जैनागुलचा रोजचा एप्रन होता, न धुतलेला. त्याचा खिसा फुगलेला. चुलीपर्यंत उठवत नव्हतं म्हणून पोर पिऊन झालेल्या पुड्यांची कागदं आणि गोळ्यांच्या स्ट्रिपांच्या रिकाम्या चकत्या खिशात कोंबत गेली होती. नीटनेटकी पोर. कचरा जमिनीवर टाकायची नाही, ही सवय आईचीच.

बुरमाकान त्या खिशातलं सगळं घेऊन बाजारातल्या औषधाच्या दुकानात गेली. तिथे नेल्ली फ्योदोरोव्ना बसते, सत्तरीची, तोंडाने फटकळ, पण डोक्यात सगळी औषधं.

"हे काय आणलंस? कचरा?"

"माझी मुलगी," बुरमाकान म्हणाली.

नेल्लीने काउंटरवर जागा केली. दोघींनी ते तुकडे मांडले. कापलेल्या स्ट्रिपांवर अर्धी-अर्धी अक्षरं होती. एका तुकड्यावर शब्दाचं डोकं, दुसऱ्यावर शेपटी. नेल्ली चष्मा वर-खाली करत राहिली. बुरमाकानने मात्र पाच मिनिटांत जोडून दाखवलं. कापलेलं कुठे बसतं हे शोधण्यातच तिचं आयुष्य गेलेलं.

पांढरीवर एक शब्द निघाला. लालवर दुसरी दोन नावं होती आणि शेवटी तोच शब्द. पिवळीवरही तोच. लिंबाच्या पुडीवर मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, पुन्हा तोच. पॅरासिटामॉल.

"चारही एकच?" बुरमाकानने विचारलं.

"चारही एकच. वरचे कपडे वेगळे. पुढचं मोठं नाव विकणाऱ्यासाठी असतं, मागचं बारीक असतं ते पिणाऱ्यासाठी." नेल्लीने पेन्सिल घेतली, एकेका चकतीवरचा आकडा मांडला, बेरीज केली, चाराने भागली. मग पेन्सिल खाली ठेवली. "धडधाकट, पोटभर जेवलेल्या माणसाला पूर्ण दिवसात चार ग्रॅम, त्यापुढे नाही. उपाशी, अशक्त, दारू पिणारा असेल तर त्याहून कमी. हिला रोज आठ गेलेत. रिकाम्या पोटी."

"लिव्हर किडकं असतं तर?"

"किडकं? असल्या माऱ्याला बैलाचं लिव्हर पुरलं नसतं."

बुरमाकान म्हणाली, "मला कामाला ठेवा. झाडलोट करते. पैसे नकोत. हे वाचायला शिकवा."

ती वर्षभर तिथे झाडत होती. सकाळी फरशी पुसायची, दुपारी नमदे. आणि शिकत होती, एखादी बाई सुरीला धार लावते तसं. गिऱ्हाईक आलं, 'सर्दीवर काहीतरी द्या' म्हणालं, की नेल्लीच्या आधी कोपऱ्यातून झाडूवाली विचारायची, "घरात आधीच काय घेताय?"

"तू कोण गं विचारणारी?"

"मी झाडणारी. काय घेताय ते सांगा."

एकदा एक तरणा बाप्या म्हणाला, "ए आपा, लेकराला माझ्यातलीच अर्धी मोडून देतो, काय होतंय?" बुरमाकानने झाडू भिंतीला टेकवला. "वजन किती लेकराचं?" त्याला माहीत नव्हतं. "मग अर्धी कशाची अर्धी? जा, वजन करून ये. लेकराचं औषध वेगळं मिळतं, मोजायच्या चमच्यासकट. चहाच्या चमच्याने दिलंस तर मी तुझ्या घरी येईन." तो खरंच वजन करून आला. तापात लेकराला अॅस्पिरिन द्यायची नाही, ताप तीन दिवसांत उतरला नाही तर गोळी न वाढवता डॉक्टर गाठायचा, खोक्यातला कागद टाकायचा नाही, स्ट्रिप नावाच्या बाजूने कापू द्यायची नाही, हे सगळं तिच्या तोंडून निम्म्या बाजाराने ऐकलं. लोकांना वाटलं, दुःखातून बाई चांगल्या कामाला लागली.

मला माहीत होतं तसं नाही. ती नमाज पढायची तेव्हा ओसरीत मी कधीकधी लोकर निवडत बसलेली असायचे. शेवटी हात वर करून ती पुटपुटायची, "तोतुयाला माझ्याआधी नेऊ नकोस. तिला ठणठणीत ठेव. डोळे चांगले ठेव तिचे, वाचता येऊ दे." अशी दुवा मी आयुष्यात ऐकली नव्हती. मी देवाला मानणारी बाई, दुसऱ्याच्या प्रार्थनेत हात घालू नये एवढं कळतं. पण त्या घरातून परतताना अंगावर काटा यायचा.

आणि ती एक नमदा शिवत होती. काळा. मला आतली बाजू दाखवायची नाही.

माणूस गेल्याला वर्ष झालं की जेवण घालतात, सुनेचं ते सासरच्यांनीच घालायचं असतं. तोतुयाने कसूर केली नाही. घोडा कापला, अंगणात दोन तंबू उभारले, एक पुरुषांना, एक बायकांना. तीन दिवस आधीपासून बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले जात होते. आम्ही बायका मदतीला होतो. तोतुयाला त्याच तीन दिवसांत सर्दीने धरलं. नाक लाल, डोळे लाल, घसा बसलेला, तरी बाह्या सारून सगळीकडे ओरडत फिरत होती. "मीठ कोण घालतंय? तू? तुझ्या हाताने नको, तू लग्नात पण खारट केलं होतंस!" निळा डबा तिच्या कमरेलाच लावल्यासारखा सोबत.

बुरमाकान मानाची पाहुणी. काळा नमदा गुंडाळून, दोरीने बांधून घेऊन आली. विहीण नमदा आणते, कुराण पढून झालं की सगळ्या बायकांसमोर तो उलगडतात, यजमानीण हात फिरवते, वाहवा होते, अशी रीत. बुरमाकान त्या गुंडाळीवर हात ठेवून बसली होती. मी तिच्या शेजारी.

तेवढ्यात तोतुया येऊन धपकन तिच्यापाशी बसली.

"विहीणबाई, डोकं फुटतंय बघा. ही पुडी फोडून द्या ना. माझ्याच्याने फुटेना. पाहुणे अजून यायचेत आणि मी अशी."

निळा डबा दोघींच्या मध्ये उघडा होता. बुरमाकानने त्यात पाहिलं. मग तोतुयाच्या एप्रनच्या खिशाकडे पाहिलं. त्यातून रिकाम्या चकत्यांची टोकं बाहेर आली होती.

"सकाळपासून कितवी?" बुरमाकानने अगदी गोड विचारलं.

"सरबताची? पाचवी. घशाला बरं वाटतं."

"आणि पांढऱ्या?"

"डोकं दुखेल तशी. चार झाल्या. पिवळ्या दोन, पाठ मोडली हो माझी. लाल तीन-चार. नाक बघा ना!"

"काल?"

"काल पण असंच. परवा पण. तुम्ही नेल्लीकडे झाडता म्हणून डॉक्टर झालात काय? फोडा."

"जेवलात?"

"घास उतरतोय कुठे? आज सकाळी तर ओकले."

बुरमाकानने पुडी फोडली. पियाल्यात टाकली, वरून कढत पाणी ओतलं, चमच्याने ढवळलं. लिंबाचा वास आला. मी तिच्या हाताकडे बघत होते. तिला काहीच करायचं नव्हतं. पियाला पुढे करायचा, बस. कुणाला कळणार होतं? मला कळलं असतं. तेही मी बोलले असते की नाही, देवालाच माहीत. मनातल्या मनात नाव घेत बसले, दुसरं सुचेना.

तोतुयाने दोन्ही हात पुढे केले. थकलेल्या डोळ्यांनी हसली. "तुमच्या हातचं तळापर्यंत पिते बघा. जैनागुल बिचारी माझ्या हातचं असंच प्यायची. कधी थेंब ठेवला नाही पोरीने."

बुरमाकानने पियाला मागे घेतला. उठली आणि तंबूच्या दाराबाहेर राखेच्या ढिगावर रिकामा केला. मेलेल्याच्या जेवणात यजमानिणीचा पियाला राखेत ओतणं म्हणजे केवढा अपमान, हे तिथे शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं.

"काय केलंस हे?" तोतुया किंचाळली, बसलेल्या घशाने.

बुरमाकानने दोरी सोडली आणि नमदा उलगडला.

आत नक्षी नव्हती. काळ्या नमद्यावर चार आडव्या ओळी, पांढऱ्या लोकरीच्या टाक्यांनी आखलेल्या. प्रत्येक ओळीत चकत्या आणि पुड्यांची कागदं शिवलेली. चांदीसारखी चमकत होती. कापलेले तुकडे जोडून, अक्षराला अक्षर मिळवून. ती पांढरी लोकर मी ओळखली. बाळाच्या टोपलीतली.

"हे चार दिवस," बुरमाकान म्हणाली. "पोरीच्या खिशातले. वाचा, मास्तरीणबाई."

"मला चष्मा—"

"गळ्यात आहे."

तोतुयाने चष्मा लावला. छत्तीस वर्षं पोरांना मोठ्याने वाचायला लावलेली बाई ती. तोंडाला सवय. पहिल्या चकतीवरचं बारीक वाचलं. दुसऱ्या. पुडीवरचं वाचताना थांबली, बोट ठेवलं, पुन्हा वाचलं. तिसऱ्या ओळीपर्यंत येईतो आवाज नुसता श्वासासारखा उरला होता. तंबूत चाळीस बायका. मुलींना चहा ओतायचा विसर पडला.

"आता डब्यातलं वाचा."

"बुरमाकान—"

"वाचा. आज पोटात काय गेलंय ते तरी कळू दे."

तिने निळ्या डब्यातली पुडी उचलली, पाठीमागचं वाचलं. पांढऱ्या स्ट्रिपवर नशिबाने नाव शाबूत होतं. मग तिने आपल्या खिशाला हात लावला आणि तो हात तिथेच राहिला.

"एकच आहे," ती म्हणाली. "सगळं एकच."

"माझ्या पोरीचं लिव्हर कसं होतं?"

तोतुयाने चष्मा काढून हातात धरला.

"वर्षापूर्वी याच बायका होत्या. सांगा त्यांना."

"चांगलं होतं," तोतुया म्हणाली. मग सगळ्यांकडे तोंड करून, वर्गात म्हणतात तसं, पुन्हा, "पोरीचं लिव्हर चांगलं होतं. मी..." पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही, पण ओठ हलले ते सगळ्यांनी पाहिले.

मला वाटलं, झालं, आता बुरमाकान घरी जाईल. तिने तोतुयाचा दंड धरला. "उठा."

"कुठे?"

"दवाखान्यात. आत्ता. ओकलात तेव्हा तुम्हाला वाटलं दमणूक. तुमच्या सुनेच्या वेळी वाटलं गोड बातमी."

गाडीत पुढे बुरमाकानचा पुतण्या, मागे आम्ही तिघी. डबा आणि खिशातल्या रिकाम्या चकत्या बुरमाकानने रुमालात बांधून घेतल्या होत्या. "डॉक्टरला सांगायचं नाही, दाखवायचं," म्हणाली, तेही मलाच, तोतुयाला नाही. डॉक्टरांनी रुमाल उघडला, बेरीज केली आणि ताबडतोब सलाइनमधून उताऱ्याचं औषध लावलं. जे जैनागुलला दोन दिवस उशिरा मिळालं ते तोतुयाला अर्ध्या तासात मिळालं.

नळी लावल्यावर तोतुयाने विचारलं, "तू मला पिऊ का दिलं नाहीस? मी तुझ्या जागी असते तर..."

"तुम्ही मेलात तर सुटलात," बुरमाकान म्हणाली. "मला तुम्ही जगायला हव्यात. रोज सकाळी उठायचं, आणि उठल्या-उठल्या हे ठाऊक असायचं. मी वर्षभर तेच मागत होते."

तोतुया आठवड्याने घरी आली. बुरमाकान तिच्या आधी तिथे पोचली होती, हातोडी आणि खिळे घेऊन. काळा नमदा तिने आतल्या खोलीत, सुनेच्या पलंगामागच्या भिंतीवर ठोकला. विहिणीने दिलेला नमदा उतरवता येत नाही, तो जीर्ण होईपर्यंत राहतो. आणि बुरमाकानचा नमदा जीर्ण व्हायला शंभर वर्षं लागतात, हे कोचकोरमध्ये कुणाला सांगायला नको.

आता पाहुणे येतात, चमकणारं काय आहे म्हणून बघायला जवळ जातात. तोतुयाला सांगावं लागतं. चष्मा लावून, बोट ठेवून, पहिल्या दिवसापासून चौथ्यापर्यंत. बायका घरी गेल्यावर आपापले डबे उघडतात, मागचं बारीक वाचतात. त्यामुळे किती जणींचे जीव वाचले असतील, कोण जाणे. बुरमाकानला त्याचं काही नाही. मी एकदा म्हटलं, "आता माफ कर गं तिला." ती म्हणाली, "ते वरच्याचं काम. त्याने करावं. माझ्याकडे दुसरं काम आहे."

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती तिथे जाते. चहा घेते. भिंतीकडे बघते, एखादा टाका सैल झाला असेल तर सुई काढून घट्ट करते. तोतुया दोन्ही हातांनी पियाला पुढे करते. बुरमाकान तो घेते, आणि तळाशी घोटभर ठेवून परत देते.